मतं मिसळणारे कुरणे सर

कुरणे सरांना निवडणुकीचा निकाल सांगायला कुणी धावत आलं, तर कोण निवडून आलं हे ते विचारत नसत. "मोजायचं राहिलंय किती?" एवढंच विचारत. अजून पाच-सहा फेऱ्या आहेत असं कळलं की सांगणाऱ्याला चहा पाजून परत पाठवत आणि पुन्हा हातातले पेपर तपासायला लागत. आघाडी, मुसंडी, विजयाकडे वाटचाल हे वर्तमानपत्रातले शब्द ऐकले की त्यांचा चेहरा आंबट व्हायचा.

शिवाजी पेठेतल्या आमच्या मुलींच्या शाळेत ते गणित शिकवायचे आणि मी भूगोल. मी नोकरीला लागले तेव्हा, नव्वदच्या सुमाराला, त्यांनी चाळिशी ओलांडलेली होती. बुटके, अंगानं भरलेले, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि डाव्या मनगटावर घड्याळाशेजारी पाच-सात रबरबँड. कागद म्हणून काही हाती आलं की पंचवीस-पंचवीसचा गठ्ठा करून ते त्याला रबर लावत. उत्तरपत्रिका, सहलीची संमतिपत्रं, एकदा तर शिक्षिकांच्या हळदीकुंकवाची आमंत्रणं. हा चाळा त्यांना मतमोजणीनं लावला होता. निवडणुकीची ड्युटी आली की आम्ही बाकीचे डॉक्टरांची सर्टिफिकेटं शोधायचो. सर आपलं नाव यादीत आहे का, हे बघायला स्वतः तहसील कचेरीत जायचे.

कुठलीही गोष्ट चालते कशी, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मुरगूडच्या जनावरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली हात घालून बोटांनी बैलाचा सौदा करतात. सरांनी एका दलालाला चहा-भजी देऊन ती बोटांची भाषा शिकून घेतली. बैल त्यांना घ्यायचा नव्हताच. मी विचारलं, मग कशाला? तर म्हणाले, चारचौघांत उभं राहून चारचौघांना कळू न देता बोलायचं म्हणजे केवढी युक्ती आहे ती.

त्या युक्तीचा उपयोग त्यांनी शाळेत केला. आमच्या मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, शनिवारची शाळा सकाळऐवजी दुपारी भरवायची होती. त्यात आमचा सगळा शनिवार जाणार होता. सभा भरली. बाईंनी ठराव वाचला आणि अनुकूल असतील त्यांनी हात वर करा म्हणाल्या. सगळ्यांचे हात वर. माझाही. त्या वर्षी माझं कायम होण्याचं प्रकरण बाईंच्या टेबलावर होतं आणि मी काही मूर्ख नव्हते. कुरणे सर उठून म्हणाले, "बाई, हात मोजले तर माणसं कळतात. मत कळायला चिठ्ठ्या लागतात."

बाईंना नाही म्हणायला कारण सापडेना. चिठ्ठ्या झाल्या, सरांनी सगळ्यांसमोर त्या मोजल्या. ठराव दणकून पडला. बाईंनी चिठ्ठ्या मागितल्या, अक्षर ओळखायला, हे सगळ्यांना दिसत होतं. सर तोपर्यंत शिपायाच्या स्टोव्हपाशी पोचले होते. चिठ्ठ्या जाळून त्यांनी हात झटकले आणि पुढचा विषय घ्या म्हणाले. बाई त्यांच्याशी दोन महिने बोलल्या नाहीत. सरांना ते फारसं जाणवलं नसावं.

माझी पहिली मतमोजणी पंच्याण्णवची. तेव्हा मशीन नव्हतं, कागदी मतपत्रिका होत्या. एका सरकारी गोदामात टेबलांच्या रांगा, टेबलांपुढे कोंबड्यांच्या खुराड्यासारखी जाळी आणि जाळीपलीकडे उमेदवारांचे एजंट, तंबाखू मळत बसलेले. बायकांसाठी संडासाची सोय नव्हती, हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण कुठल्याच बातमीत ते आलं नाही.

आमच्या टेबलाचे प्रमुख कुरणे सर होते. मोजणीच्या आधी प्रत्येक गावच्या पेटीतल्या मतपत्रिका नुसत्या संख्येसाठी मोजल्या, पंचवीसचे गठ्ठे बांधले आणि एका मोठ्या पिंपात टाकले. मग सगळ्या गावांचे गठ्ठे त्यात कालवले. नंतर ते टेबलांवर वाटले, तेव्हा कुठला कागद कुठल्या गावचा हे देवालाही सांगता आलं नसतं. पिंप हलवायचं काम शिपायांचं, पण सर तिथं जाऊन उभे. खालून घ्या, खालचे वर आणा, असं मसालेभाताच्या आचाऱ्यासारखं चाललेलं. मोजणीवरचे मुख्य अधिकारी, म्हणजे साहेब, घड्याळ दाखवून ओरडले, तरी त्यांनी आणखी एकदा तळातून हात फिरवला.

मोजताना एका मतपत्रिकेवर भांडण पेटलं. कागदावर शिक्का दोन ठिकाणी उमटला होता, दोन वेगळ्या उमेदवारांपुढे. एकाचा एजंट म्हणे आमचं मत, दुसरा म्हणे बाद करा. सरांनी कागद उचलून दोन्ही ठसे निरखले आणि मग जाळीतून एका एजंटाची तंबाखूची डबी मागितली. डबीच्या झाकणाला आतून आरसा होता. तो त्यांनी दुसऱ्या ठशाशेजारी धरला.

"बघा. शिक्क्याची चारी टोकं एका अंगाला वळलेली असतात. ह्या ठशाची उलटी वळलीत, आरशात सुलटी दिसतात. शाई ओली असताना घडी घातली, तिचा हा डाग आहे. खरा ठसा पहिला."

एजंटांनी डबी आळीपाळीनं घेऊन बघितलं. भांडण विझलं. शंकेचा कागद म्हणून तो साहेबांकडे गेला आणि साहेबांनीही तोच निर्णय दिला. त्यानंतर दिवसभर एजंट प्रत्येक शिक्क्याला डबी लावायला मागत होते. ज्याची डबी, तो म्हणाला, "मास्तर, बायकोचा बी फोटो बगतो यात, सुलटी दिसती का." सर म्हणाले, आधी स्वतःचा बघा.

त्या दिवशी चहाच्या सुट्टीत त्यांनी मला पिंपाचं एवढं कौतुक का, ते सांगितलं. त्यांचं गाव मुरगूडच्या पुढं, वेदगंगेच्या अंगाला. नाव इथं घालत नाही, तिथली माणसं तिथंच राहतात. गावाबाहेर बौद्धवस्ती, सरांचं घर तिथलं. पूर्वी वस्तीनं मत द्यायचं ते गावातल्या शाळेत. रांगेत वस्तीची माणसं मागं सारली जायची आणि नंबर येईपर्यंत आतून सांगणं यायचं, तुमची मतं झाली, जावा. सरांनी कोल्हापुरातून अर्ज केले, हेलपाटे घातले, तहसीलदार बदलून गेले की नव्यानं सुरुवात केली. शेवटी वस्तीच्या समाजमंदिरात वेगळं बूथ मिळालं. पहिल्या मतदानाला त्यांची वैनी, थोरल्या भावाची बायको, लग्नातलं लुगडं नेसून पहिल्या नंबराला उभी होती.

"वेगळं बूथ, म्हणून मत देता आलं," सर म्हणाले. "आणि पिंपात सगळं एक झालं, म्हणून दिलेलं पचलं. दोन्ही पाहिजे, भोसलेबाई."

तेव्हा मला यातलं पहिलंच वाक्य नीट कळलं. दुसरं कळायला दोन हजार चार साल उजाडावं लागलं.

त्या वर्षी मशिनं आली. मोजणी दोन रात्रींवरून दुपारच्या जेवणापर्यंत आली. मला ती फार आवडली. पिंप नाही, गठ्ठे नाहीत, बाद मतं नाहीत, भांडणं नाहीत. प्रत्येक बूथचं मशीन टेबलावर येतं, सील दाखवायचं, बटण दाबायचं, एकेका उमेदवारापुढचा आकडा दिसतो, तो मोठ्यानं वाचायचा, लिहायचा, एजंटांना दाखवायचा, की पुढचं मशीन. आता टेबलाची प्रमुख मी होते आणि सर शेजारच्या टेबलावर.

तिसऱ्या की चौथ्या फेरीला माझ्यापुढं जे मशीन आलं, त्याच्या कागदावर सरांच्या गावचं नाव होतं, आणि पुढं समाजमंदिर. मी बटण दाबलं. गावात सगळी सूत्रं एका अण्णांच्या हातात होती. साखर कारखान्याचे संचालक, ग्रामपंचायत त्यांची, सोसायटी त्यांची. त्यांच्या पक्षाच्या उमेदवारापुढं आकडा आला अकरा. बाकी सगळी वस्ती दुसऱ्याच्या पारड्यात. मी वाचलं, अकरा.

जाळीपलीकडं अण्णांचा एजंट बसला होता. त्यानं ओठ पुढं काढून शीळ घातल्यासारखं केलं आणि शेजारच्याला म्हणाला, "लिहून घे रं. समाजमंदिर, अकरा. मोठा घाल आकडा, अण्णास्नी चष्मा लागतोय."

शेजारच्या टेबलावर सरांचा हात त्यांच्या मशीनच्या बटणावर तसाच थांबला होता. त्यांच्या मदतनिसानं दोनदा "सर" म्हटलं, तेव्हा कुठं त्यांनी ते दाबलं. दिवसभर पुढं ते आकडे नेहमीसारखेच खणखणीत वाचत होते. संध्याकाळी रिक्षात बसल्यावर म्हणाले, "माझंच बूथ. वस्तीनं काय दिलं ते बघायला मीच खिडकी पाडून दिली त्यांना."

परिणाम दिसायला पावसाळासुद्धा लागला नाही. गावातून वस्तीकडं नळाची लाइन यायची होती. चर समाजमंदिराच्या दारापर्यंत खोदून झाला होता, पाइप कडेला टाकलेले होते. निकालानंतरच्या आठवड्यात ट्रॅक्टर आला आणि पाइप परत घेऊन गेला. कुणी भांडायला गेलं नाही असं नाही. ग्रामपंचायतीत त्यांना शांतपणे सांगितलं गेलं की बजेट संपलंय. बाहेर पायरीवर बसलेल्यानं मात्र खरं सांगितलं: "आकडा बगितलाय आमी. पुढल्या टायमाला आकडा सुदारला की तोट्या बशिवतो." वस्तीच्या बायका पाणी नदीवरून आणत होत्या, त्या पुढंही आणत राहिल्या.

सरांनी मग उलटा उद्योग सुरू केला. जे बूथ मिळवायला इतकी वर्षं घालवली, ते मोडायचा. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते मुरगूडची एसटी धरायचे. माझं माहेर मुरगूडचं, त्यामुळे कधीकधी आम्ही एकाच गाडीत असायचो. एकदा पुढं त्यांच्या गावापर्यंत मीही गेले. मला बघायचं होतं, माणूस आपलंच काम मोडतो कसा.

समाजमंदिरात सतरंजीवर पंधरा-वीस माणसं बसली होती. सरांनी फळा मागवला होता. त्यावर गावाचा नकाशा काढून ते सांगत होते की वस्तीचं बूथ बंद करू, आपली नावं पुन्हा शाळेच्या बूथवर घालून घेऊ. गावाच्या मतात आपली मतं मिसळली की कुणी काय दिलं ते कुणाला कळणार नाही. मांडणी चोख होती. मग वैनी बोलल्या. साठीच्या, काटक बाई, गुडघ्याला हात बांधून बसलेल्या.

"भाऊजी, तुमीच म्हनलासा, आपलं बूथ पायजे. आमी व्हय म्हनलं. आता तुमीच म्हंतासा, बूथ नगं. आमी काय लेझीम हाय व्हय, हलवाल तशी वाजायला?"

सगळे हसले. सरही हसले, पण लाल झाले. म्हणाले, वैनी, मशीन बदललं, मी काय करू?

"मशीन बदललं, माणसं बदलली न्हाईत. शाळंत आमाला परत मागं सारतील. तवा तुमी कोल्हापुरात असचीला."

मी त्यांना पहिल्यांदाच फळ्यापुढं खडू हातात धरून अडलेलं पाहिलं. आमच्या वर्गातल्या मुलींनी हे बघायला पैसे दिले असते.

मग वैनीच म्हणाल्या, "मिसळायचंच हाय न्हवं? मग आमीच का जायचं? निम्मी आमी शाळंत जातो. पर निम्मं गाव हिकडं येऊ दे. समाजमंदिरात. रांगंत हुबं ऱ्हाऊ दे आमच्यासंगं."

सर वळून नकाशाकडं बघायला लागले. मग त्यांनी वस्तीच्या मधोमध एक आडवी रेघ मारली. गावठाणाच्या खालच्या अंगाला कुंभार गल्ली आणि पाटलांची खालची आळी होती, तिथं दुसरी रेघ मारली. ही माणसं शाळेपेक्षा समाजमंदिराला जवळ होती. इतकी वर्षं कुणी ते अंतर मोजलंच नव्हतं. "हे मला का सुचलं नाही?" असं ते स्वतःशीच पुटपुटले. वैनी म्हणाल्या, "तुमी गणित शिकवतासा म्हनून."

आडकाठी यायची ती आलीच. खालच्या आळीतल्या काहींनी हरकत घेतली, समाजमंदिर आडबाजूला आहे, म्हाताऱ्यांना चालवत नाही. अडचण चालण्याची नव्हती, पण अर्जात तसं लिहीत नाहीत. पुढं मतदारसंघांची फेररचना झाली, सगळ्या याद्या नव्यानं लागणार होत्या. सर तोवर निवृत्त झाले होते, म्हणजे आता दर शनिवारऐवजी वाटेल त्या दिवशी जायला मोकळे. सुनावणीला त्यांनी वस्ती, आळी किंवा अण्णा यांपैकी एकाचंही नाव काढलं नाही. टेप घेऊन गेले होते. साहेबांना म्हणाले, मोजून बघू या. साहेब तरुण होते, त्यांना गंमत वाटली, ते खरंच गावात आले. खालच्या आळीतल्या म्हाताऱ्यांच्या दारापासून शाळा किती आणि समाजमंदिर किती, हे त्या म्हाताऱ्यांसमोरच मोजलं गेलं. हरकत तिथंच संपली. नवी यादी लागली. निम्मी वस्ती शाळेत, कुंभार गल्ली आणि खालची आळी समाजमंदिरात.

तरी पुढच्या मतदानाला गल्ली-आळीची माणसं समाजमंदिरात येतील का, ही धाकधूक होतीच. सरांचं मत कोल्हापुरात. ते सकाळी सातला इथं मत देऊन गावी पळाले. दिवसभरात काय झालं ते मला नंतर वैनींनी सांगितलं. खालच्या आळीची माणसं दहा वाजेपर्यंत फिरकली नाहीत. मग कुंभारांच्या बायका आल्या. त्यांच्या मागून पाटलांची एक म्हातारी, नातवाच्या खांद्यावर हात टाकून. मत देऊन बाहेर आली, पायरीवर बसली आणि पाणी मागितलं. सगळी रांग बघायला लागली. वैनींनी तांब्या भरून दिला आणि म्हणाल्या, "जपून प्या, आत्याबाई. नदीवरनं डोक्यावर आनलंय." म्हातारी प्यायली. तांब्या परत देताना तिनं विचारलं, एवढ्या लांबून का, नळ नाही? वैनी म्हणाल्या, "तुमच्या अण्णास्नी इचारा."

मतमोजणीला मी पुन्हा होते. आमच्याच हॉलमध्ये, शेजारच्याच टेबलावर, त्या गावची दोन्ही मशिनं एकापाठोपाठ लागली. मी कान तिकडं ठेवून होते. संपल्यावर बाहेर आले तर फाटकासमोर गर्दी, ढोल, लाऊडस्पीकर, आणि एका बंद दुकानाच्या फळीवर कुरणे सर बसलेले. फुलबाहीचा पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या.

मी त्यांना आकडे सांगितले. समाजमंदिरात अण्णांचा माणूस थोडा पुढं, शाळेत थोडा मागं. सर बराच वेळ ओठ हलवत आकडेमोड करत राहिले. वस्तीतली निम्मी इकडं धरली तर, खालची आळी फुटली असं धरलं तर. कुठंच जमेना.

"वैनीनं कुणाला दिलं असेल?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्ही विचारायचं की त्यांना."

"विचारलं. म्हणाली, तुमी कोन इचारनार?"

मग त्यांनी अण्णांच्या एजंटाबद्दल विचारलं. मी जाळीपाशी ऐकलं होतं ते सांगितलं. त्यानं आकडे लिहून घेतले आणि शेजारच्याला म्हणाला, आता हे कुंभारांनी केलं का वस्तीनं का आपल्याच भाऊबंदांनी? शेजारचा म्हणाला, मला काय इचारतोस, मी बी खालच्या आळीचाच हाय. मग एजंटानं आकड्यापुढं प्रश्नचिन्ह काढलं.

"प्रश्नचिन्ह काढलं?" सरांनी पुन्हा विचारलं. "तुम्ही बघितलं?"

"बघितलं. केवढं मोठं."

तोट्या पुढच्या उन्हाळ्यात बसल्या. उपकार म्हणून नव्हे. रुसायचं कुणावर हे अण्णांना ठरवता येईना आणि खालच्या आळीची म्हातारी रोज त्यांच्या दारात जाऊन नळाचं विचारत होती, एवढंच. पण त्या दिवशी हे आम्हाला ठाऊक नव्हतं. सर फळीवरून उठले आणि मोठ्यानं हसायला लागले. शाळेच्या इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. गुलाल उधळणाऱ्या पोरांनी ते पाहिलं. त्यांना वाटलं, ह्यांचा माणूस आला. "पावणं, घ्या की," म्हणत त्यांनी सरांच्या कपाळाला, मानेला, त्या पांढऱ्या शर्टाला गुलाल फासला. सर नको म्हणाले नाहीत. गुलाल कुठल्या पक्षाचा, हेही त्यांनी विचारलं नाही. तसेच लालेलाल होऊन ते स्टँडकडं निघाले, वैनीला सांगायला, मुरगूडची गाडी गाठायला.